रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आणि सरकारची पूर्वमंजुरी: कलम ५८ नेमके कुठे लागू होते?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर आपल्या लगेच लक्षात येईल. आपण एका नागरी सहकारी बँकेच्या अनुपालन विभागात नव्याने रुजू झाला आहात. एका थकीत कर्जदाराच्या वकिलांनी बँकेला नोटीस पाठवली आहे. रिझर्व्ह बँकेच्या ज्या परिपत्रकाच्या आधारे आपण खाते एनपीए, म्हणजे वसुली थकलेले अनुत्पादक कर्ज, ठरवले, त्या परिपत्रकाला केंद्र सरकारची पूर्वमंजुरी नव्हती, ते राजपत्रात प्रसिद्ध झाले नाही आणि संसदेपुढेही ठेवले गेले नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. भारतीय रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम ५८ नुसार या तिन्ही गोष्टी आवश्यक असल्याने परिपत्रकच कायद्याने शून्य ठरते, असा त्यांचा दावा आहे. आपण कलम ५८ उघडून पाहिले, तेव्हा तिथे केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीचा उल्लेख खरोखरच सापडला, आणि त्यामुळे बँकिंगचे नियम करण्याचा खरा अधिकार सरकारचा की रिझर्व्ह बँकेचा, असा प्रश्न आपल्याला पडला.

बँकांच्या विधी विभागात तीस वर्षांहून अधिक काळ काम केल्यानंतर मला वाटते की हा प्रश्न अशा रूपात विचारला की त्याचे उत्तर सापडत नाही. अधिकार कोणाचा, हे सरसकट सांगता येत नाही. विशिष्ट कागद कोणत्या कलमाखाली निघाला, त्या कलमाने अधिकार कोणाच्या हाती दिला आणि तो वापरण्यापूर्वी कोणती अट घातली, एवढेच सांगता येते. आपल्याला आलेल्या नोटिशीत नेमकी हीच पायरी गाळलेली आहे. परिपत्रक कोणत्या कलमाखाली निघाले हे न पाहता ते कलम ५८ खालीच निघाले असणार, असे तिने गृहीत धरले आहे.

सुरुवात शब्दांपासून करावी लागेल, कारण कामकाजात आपण सगळ्यालाच 'आरबीआयचा नियम' म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. संसद करते तो अधिनियम. अधिनियमाने दिलेल्या अधिकाराने बहुधा सरकार करते ते नियम, आणि अधिनियमाने निर्माण केलेली संस्था स्वतः करते ते विनियम. याशिवाय एखाद्या कलमाने संस्थेला थेट आदेश देण्याची मुभा दिलेली असेल, तर त्या आदेशांना निदेश म्हणतात. परिपत्रक हे केवळ कागदाचे बाह्यरूप झाले. एकाच नमुन्याच्या परिपत्रकात कधी बंधनकारक निदेश असतो, कधी नुसती सूचना असते, तर कधी सरकारची अधिसूचना माहितीसाठी पुढे पाठवलेली असते. म्हणून परिपत्रक हातात आले की त्याचा विषय वाचण्याआधी शेवटचे किंवा सुरुवातीचे ते वाक्य शोधावे, ज्यात 'अमुक कलमाने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून' असे म्हटलेले असते.

आता कलम ५८ कडे वळू. या कलमानुसार रिझर्व्ह बँकेचे केंद्रीय मंडळ केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीने, राजपत्रात अधिसूचना काढून, अधिनियमाशी सुसंगत असे विनियम करू शकते. असे विनियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात, आणि विनियमात तसे नमूद केले असेल तर ते मागील तारखेपासूनही लागू करता येतात. इथपर्यंत वकिलांचे वाचन बरोबर आहे. पण हे विनियम कशाविषयी असतात, ते त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात पाहावे. केंद्रीय मंडळाचे कामकाज, अधिकार सोपवणे, बँकेची मोहोर, करार करण्याची रीत, ताळेबंदाचा नमुना, कर्मचाऱ्यांचे निवृत्तीविषयक निधी, बँकांसाठी क्लिअरिंग हाऊस (बँकांमधील धनादेशांचा हिशेब मिटवणारी केंद्रे) अशी ती यादी आहे. यातला मोठा भाग रिझर्व्ह बँकेच्या स्वतःच्या घरातल्या व्यवस्थेचा आहे. रिझर्व्ह बँक सामान्य विनियम, १९४९ हे त्याचे जुने आणि अजूनही उपयोगी पडणारे उदाहरण. आपल्या बँकेने कोणते कर्ज किती दिवसांनी अनुत्पादक धरावे, हा विषय या यादीत शोधूनही सापडणार नाही.

कलम ५८ अस्तित्वात असले म्हणजे रिझर्व्ह बँकेचे बाकी सगळे मार्ग बंद होतात का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९८२ साली खानझोडे प्रकरणात वेगळ्या संदर्भात आला होता. वाद कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा होता. कलम ५८ खाली विनियम करता येत असले तरी, कलम ७ च्या दुसऱ्या पोटकलमाने केंद्रीय मंडळाकडे सोपवलेल्या सर्वसाधारण देखरेखीच्या अधिकारात प्रशासकीय परिपत्रकांनी सेवाशर्ती ठरवता येतात, फक्त त्या एखाद्या वैध विनियमाच्या विरोधात जाता कामा नयेत, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही कलम ५८ हा एकमेव दरवाजा नव्हता. बाहेरच्या बँकांच्या बाबतीत तर तो दरवाजा बहुतेक वेळा वापरलाच जात नाही.

आपल्या प्रकरणातला दरवाजा वेगळ्याच इमारतीत आहे. कर्जांचे वर्गीकरण, उत्पन्नाची नोंद आणि बुडीत कर्जांपोटी बाजूला ठेवायच्या रकमा (तरतुदी) यांविषयीचे आदेश साधारणपणे बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ च्या कलम २१ आणि ३५ए खाली निघतात, आणि सहकारी बँकांना ते कलम ५६ मधील फेरफारांसह लागू होतात. सहकारी बँकांवर हा अधिनियम १ मार्च १९६६ पासून लागू आहे. कलम ३५ए म्हणते की सार्वजनिक हितासाठी, बँकिंग धोरणासाठी, ठेवीदारांच्या हिताला बाधक असा कारभार रोखण्यासाठी किंवा बँकेचे व्यवस्थापन नीट चालावे म्हणून आवश्यक आहे अशी रिझर्व्ह बँकेची खात्री झाली, तर ती निदेश देऊ शकते आणि बँका ते पाळण्यास बांधील असतात. या कलमात केंद्र सरकारची पूर्वमंजुरी नाही, राजपत्र नाही आणि संसदेपुढे ठेवण्याची अटही नाही. कायद्याने न घातलेली अट नोटीस पाठवणाऱ्याला शेजारच्या अधिनियमातून उचलून आणता येत नाही.

कोणी म्हणेल की एवढा मोठा अधिकार सरकारला न विचारता दिला असेल, हे पटत नाही. त्यावर माझे उत्तर असे की जिथे सरकारला मध्ये ठेवायचे होते, तिथे संसदेने तसे स्पष्ट लिहिले आहे. २०१७ साली याच अधिनियमात कलम ३५एए आणि ३५एबी अशी दोन कलमे घातली गेली. ३५एए नुसार एखाद्या थकबाकीबाबत दिवाळखोरी संहितेखालची प्रक्रिया सुरू करण्याचे निदेश बँकांना देण्यासाठी केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेला आदेशाने प्राधिकृत करू शकते. रिझर्व्ह बँकेने १२ फेब्रुवारी २०१८ रोजी मोठ्या थकीत कर्जांविषयी एक सरसकट परिपत्रक काढले. ते धरणी शुगर्स प्रकरणात २ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिकारकक्षेबाहेरचे ठरवले, कारण दिवाळखोरी प्रक्रियेकडे ढकलणारे निदेश द्यायचे असतील तर ते केंद्र सरकारच्या प्राधिकारानेच आणि विशिष्ट थकबाकीबाबतच देता येतात. हा निकाल आपल्याविरुद्ध वापरला जाण्याची शक्यता आहे. त्यामुळे त्याची व्याप्ती आधीच समजून घ्या. कलम ३५एएने सरकारच्या प्राधिकाराची अट घातलेल्या एका विशिष्ट कामापुरता तो आहे. कर्जाच्या वर्गीकरणाच्या निदेशांना तीच अट लागू होते, असे त्यातून निघत नाही.

इथपर्यंतचा सारांश सांगायचा तर कलम ५८ हे रिझर्व्ह बँकेच्या विनियमांचे कलम आहे, आपले परिपत्रक बहुधा निदेश आहे, आणि निदेशाचे मूळ दुसऱ्या अधिनियमात आहे. आता आपल्या प्रश्नाच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे येतो, म्हणजे सरकारकडे स्वतःचे असे नियम करण्याचे अधिकार कोणते. हा भाग मला अधिक रंजक वाटतो, आणि अनुपालनातली माणसे तो बहुधा वाचतच नाहीत.

बँकिंग विनियमन अधिनियमाच्या कलम ५२ ने नियम करण्याचा अधिकार थेट केंद्र सरकारला दिला आहे, तोही रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय केल्यानंतर. आपल्या काउंटरवर वर्षानुवर्षे भरला गेलेला नामनिर्देशनाचा डीए-१ फॉर्म या अधिकारातून जन्मलेला आहे. सहकारी बँकांसाठी १९८५ च्या नामनिर्देशन नियमांनी तो आणला. त्या फॉर्मवर ठेवीदाराचा अंगठा असेल तर दोन साक्षीदार लागतात आणि सही असेल तर लागत नाहीत, हे शाखेत सगळ्यांना पाठ असते, पण हा सरकारी नियम आहे, आपल्या बँकेने किंवा रिझर्व्ह बँकेने स्वतःहून लावलेली पद्धत नाही, हे क्वचितच कोणाला ठाऊक असते. याचा व्यावहारिक परिणाम असा की या नमुन्यात बदल करायचा झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या नुसत्या परिपत्रकाने तो होऊ शकत नाही. २०२५ च्या दुरुस्तीने एका ठेवीला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ठेवता येतील असे ठरले, तेव्हा आधी अधिनियमच बदलावा लागला.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. बँकिंग विनियमन अधिनियमाचे कलम ४५झेडए ठेवींच्या नामनिर्देशनाचे आहे, तर रिझर्व्ह बँक अधिनियमाचे कलम ४५झेडए महागाईच्या लक्ष्याचे आहे. या दुसऱ्या कलमानुसार केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून दर पाच वर्षांनी महागाईचे लक्ष्य ठरवते. २०१६ साली ते ४ टक्के, वरची मर्यादा ६ आणि खालची २ टक्के असे ठरले, आणि २०२१ साली पुढच्या पाच वर्षांसाठी तेच कायम ठेवले गेले. माझ्या हाताखालच्या एका तरुण सहकाऱ्याने मृत ठेवीदाराच्या वारसांना पाठवायच्या उत्तरात अधिनियमाचे नाव चुकवून महागाई लक्ष्याचे कलम उद्धृत केले होते. सहीपूर्वी ते लक्षात आले म्हणून निभावले. तेव्हापासून अधिनियमाचे पूर्ण नाव आणि वर्ष लिहिल्याशिवाय कलमाचा आकडा लिहायचा नाही, असा दंडकच मी आमच्या विभागात घालून दिला.

नोटांच्या बाबतीत सरकार आणि बँक यांची अधिकारवाटणी तर रिझर्व्ह बँक अधिनियमाच्या चार-पाच कलमांत एकाखाली एक मांडलेली दिसते. कलम २४ प्रमाणे अधिनियमात न दिलेल्या मूल्याची नोट काढायची असेल, तर केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार ते मूल्य ठरवते. कलम २५ प्रमाणे नोटेचे आरेखन, आकार आणि कागद यांना मान्यता सरकार देते, पण मंडळाच्या शिफारशींचा विचार करून. कलम २८ मात्र मजेशीर आहे. हरवलेल्या, फाटलेल्या किंवा अपूर्ण नोटेचे पैसे मागण्याचा कोणालाही हक्क नाही असे ते आधी सांगते, आणि मग परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात, म्हणते की केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीने रिझर्व्ह बँक कृपा म्हणून परताव्याच्या अटी विहित करू शकते. त्या अटींना अधिनियम 'नियम' म्हणतो, विनियम म्हणत नाही, आणि ते संसदेच्या पटलावर ठेवावे लागतात. म्हणजे नियम सरकारचे आणि विनियम संस्थेचे, ही मी वर सांगितलेली विभागणी इथेच मोडते. म्हणून नावावर विसंबू नये, कलमच वाचावे.

या परंतुकाचा परिणाम शाखेत कसा दिसतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. २००० रुपयांची नोट नोव्हेंबर २०१६ मध्ये आली आणि २०० रुपयांची ऑगस्ट २०१७ मध्ये, पण नोट परतावा नियम, २००९ मध्ये ही दोन मूल्ये नव्हतीच. २०१८ च्या उन्हाळ्यात एका शाखेत एक वृद्ध गृहस्थ कपड्यांबरोबर धुतली गेलेली आणि कोपरा गेलेली २०० ची नोट घेऊन आले. रोखपालांनी ती परत केल्यावर ते संतापले, कारण त्याच दिवशी त्यांच्यासमोर १०० ची तशीच नोट बदलून दिली गेली होती. व्यवस्थापकांनी मला फोन केला. नियमात या मूल्याची नोटच नाही, तर नोटेचा किती भाग शिल्लक असला की पूर्ण पैसे द्यायचे हे मोजणार कशाच्या आधारे, एवढेच मी सांगू शकलो. सप्टेंबर २०१८ मध्ये नियम दुरुस्त झाले आणि तक्ता आला. त्यानुसार २००० च्या नोटेचा किमान ८८ चौरस सेंटिमीटर इतका सलग तुकडा असेल तर पूर्ण मूल्य आणि ४४ असेल तर अर्धे मूल्य मिळू लागले. नोट काढण्याचा मार्ग कलम २४ चा, तिच्या परताव्याचा मार्ग कलम २८ चा, आणि दोन्हींच्या अटी वेगळ्या. एक मार्ग पूर्ण झाला म्हणून दुसरा आपोआप पूर्ण होत नाही. मधल्या काळात त्या गृहस्थांसारख्यांना बसला तो भुर्दंड याच फटीतला होता.

माझ्या मते कायदा वाचताना खरे वजन 'पूर्वमंजुरीने', 'विचारविनिमयानंतर' आणि 'शिफारशीवरून' या तीन शब्दप्रयोगांवर द्यायला हवे. पूर्वमंजुरी असेल तर दस्तऐवज रिझर्व्ह बँक तयार करते, पण सरकारच्या होकाराशिवाय तो जन्मालाच येत नाही. विचारविनिमय असेल तर निर्णय सरकारचा असतो. रिझर्व्ह बँकेचे म्हणणे खरोखर ऐकून घ्यावे लागते, ते मान्य करावेच लागते असे नाही. शिफारस असेल तर सुरुवात रिझर्व्ह बँकेकडून व्हावी लागते आणि शेवट सरकारकडे होतो. या तिसऱ्या प्रकारावर आपल्याकडे केवढा मोठा वाद झाला, हे सगळ्यांनी पाहिले आहे.

८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदीची अधिसूचना, एस.ओ. ३४०७ (ई), कलम २६ च्या दुसऱ्या पोटकलमाखाली निघाली. केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार कोणत्याही मूल्याच्या नोटांची कोणतीही मालिका वैध चलन राहणार नाही असे जाहीर करू शकते, असे ते पोटकलम म्हणते. यापूर्वी १९४६ आणि १९७८ साली हेच काम अध्यादेशाने झाले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने अधिसूचना वैध ठरवली. 'कोणतीही मालिका' यात सर्व मालिका येतात आणि सरकार व रिझर्व्ह बँक यांच्यात आधी काही महिने विचारविनिमय झाला होता, असे बहुमताने मानले. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी वेगळे मत दिले. शिफारस रिझर्व्ह बँकेकडून उगवली पाहिजे; सरकारने ७ नोव्हेंबरला पत्र लिहून मागितलेली आणि दुसऱ्या दिवशी आलेली शिफारस ही कलमाला अपेक्षित असलेली शिफारस नव्हे, आणि प्रस्ताव सरकारकडून आला तर तो कायदा किंवा अध्यादेशाच्या मार्गानेच अमलात यायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. बंधनकारक मत बहुमताचेच आहे. तरी शिफारस या शब्दाला स्वतःचे वजन असते, हे समजून घ्यायला अल्पमत वाचण्यासारखे आहे आणि नवीन अधिकाऱ्यांना मी आधी तेच वाचायला देतो.

सरकारचा सर्वांत व्यापक अधिकार त्याच अधिनियमाच्या कलम ७ च्या पहिल्या पोटकलमात आहे. सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटतील असे निदेश केंद्र सरकार गव्हर्नरांशी विचारविनिमय करून रिझर्व्ह बँकेला देऊ शकते. कलम ३० तर आणखी पुढे जाते. अधिनियमाने घातलेल्या जबाबदाऱ्या बँक पार पाडत नाही असे सरकारचे मत झाले, तर ते केंद्रीय मंडळच निष्प्रभ करून देखरेख दुसऱ्या यंत्रणेकडे देऊ शकते, आणि त्याचा अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो. पण लक्षात घ्या, ही दोन्ही कलमे सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यातली आहेत. कलम ७ खाली सरकार आपल्या सहकारी बँकेला किंवा कर्जदाराला काही सांगू शकत नाही. नोटिशीला उत्तर देताना कलम ७ चा आधार घेऊन 'रिझर्व्ह बँक शेवटी सरकारच्या अधीनच आहे' असे वाक्य कोणी सुचवले, तर ते कृपया लिहू नका. ते आपल्या बाजूचे वाटले तरी वकिलांनाच मुद्दा पुरवणारे आहे.

हीच वाटणी परकीय चलनात कशी बदलते, ते थोडक्यात सांगतो. परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ मध्ये कलम ४६ सरकारला नियम करण्याचा आणि कलम ४७ रिझर्व्ह बँकेला विनियम करण्याचा अधिकार देते. वित्त अधिनियम, २०१५ ने केलेली आणि १५ ऑक्टोबर २०१९ पासून अमलात आलेली दुरुस्ती झाल्यावर, समभागांसारख्या कर्ज नसलेल्या साधनांतील परकीय गुंतवणूक हा विषय रिझर्व्ह बँकेच्या विनियमांतून सरकारच्या नियमांत गेला. रोख्यांसारख्या कर्जसाधनांचा विषय रिझर्व्ह बँकेकडे राहिला. एका रात्रीत अधिकार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि जुने विनियम उद्धृत करणारे कितीतरी मसुदे बाद झाले.

आता कर्जदाराच्या वकिलांचा तिसरा मुद्दा, संसदेपुढे न ठेवल्याचा. निदेशाला ही अटच नसल्यामुळे तो मुद्दा मुळात उद्भवत नाही. पण समजा आपला दस्तऐवज खरोखर विनियम असता, तरी संसदेपुढे नुसते ठेवावे असे सांगणाऱ्या तरतुदीकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या ॲटलस सायकल प्रकरणात निर्देशात्मक म्हणून पाहिले होते, म्हणजे ती पाळली न गेल्याने दस्तऐवज आपोआप शून्य होत नाही. हा दुसऱ्या फळीतला युक्तिवाद आहे आणि तो राखून ठेवावा. उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात तो वापरला, तर आपल्या परिपत्रकाला संसदेची अट लागू होते हे आपणच मान्य केल्यासारखे होते.

रिझर्व्ह बँकेच्या निदेशांना आव्हान देताच येत नाही, असा याचा अर्थ मात्र काढू नका. फक्त आव्हान यशस्वी होते ते वेगळ्या जागी. १९९२ च्या पीअरलेस प्रकरणात ठेवी गोळा करणाऱ्या कंपन्यांवरचे १९८७ चे निदेश टिकले आणि आर्थिक धोरणात न्यायालयाने सहसा हात घालू नये, अशी भूमिका दिसली. पण ६ एप्रिल २०१८ च्या आभासी चलनाविषयीच्या परिपत्रकाचे काय झाले पाहा. ४ मार्च २०२० रोजी न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला अधिकार आहे हे मान्य केले, आणि तरीही परिपत्रक रद्द केले, कारण उपाय प्रमाणाबाहेरचा होता. बँकांना त्या व्यवहारांमुळे प्रत्यक्ष काय हानी झाली, हे दाखवले गेले नव्हते. आपल्या कर्जदाराचे वकील मुरलेले असते, तर कलम ५८ च्या मागे न लागता त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला असता, की बँकेने परिपत्रकातले निकष या खात्याला नीट लावले का, थकबाकीचे दिवस बरोबर मोजले का. माझ्या अनुभवात बँका हरतात त्या तिथेच.

म्हणून माझे उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या आपण तपासल्याशिवाय ते अंतिम समजू नका. ज्या परिपत्रकावर आपण विसंबलात त्यात कलम २१ किंवा ३५ए चा उल्लेख आहे की ते नुसते मार्गदर्शनपर पत्र आहे, हे पाहा. काही पत्रांत कलमाचा उल्लेखच नसतो आणि त्यांची बंधनकारकता सिद्ध करणे कठीण जाते. तारीखही पाहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रके मागे घेऊन २४४ एकत्रित मास्टर निदेश काढले आहेत, त्यामुळे खाते एनपीए झाले त्या दिवशी कोणता दस्तऐवज लागू होता हे ठरवून त्याचेच नाव उत्तरात यायला हवे, आज संकेतस्थळावर दिसतो त्याचे नव्हे. वादातला काही भाग राज्याच्या सहकार कायद्याखालचा आणि निबंधकांच्या अधिकाराचा असेल, तर तो स्वतंत्र परिच्छेदात ठेवा.

उत्तराचा मसुदा मी असा बांधला असता. पहिल्या वाक्यात परिपत्रकाचा क्रमांक, तारीख आणि ते ज्या कलमाखाली निघाले ते कलम, अधिनियमाच्या पूर्ण नावासह आणि कलम ५६ च्या उल्लेखासह. दुसऱ्या परिच्छेदात एवढेच की रिझर्व्ह बँक अधिनियमाचे कलम ५८ त्या अधिनियमाखालच्या विनियमांना लागू आहे आणि प्रस्तुत निदेशाला लागू नाही, तसेच कलम ३५ए मध्ये पूर्वमंजुरी, राजपत्र किंवा संसदेपुढे ठेवणे यांपैकी कोणतीही अट नाही. तिसऱ्यात खात्याचा तपशील: कोणता हप्ता कोणत्या तारखेला देय होता, किती दिवस थकला, खाते कोणत्या दिवशी वर्ग झाले. हा तिसरा परिच्छेद सर्वांत लांब असावा आणि तो लिहिण्याआधी खातेउतारा स्वतः काढून तारखा बोटाने मोजाव्यात, शाखेने पाठवलेल्या गोषवाऱ्यावर विसंबू नये. निकालांची नावे उत्तरात घालण्याची घाई करू नका. ती न्यायालयात लागतील तेव्हा आपले वकील घालतील, आणि तोपर्यंत समोरच्यांना धरणी शुगर्सची आठवण आपणहून करून देण्याचे काही कारण नाही.